पाच हजार पुस्तकं, 199 रुपयांत

सदाशिव पेठेत जन्म गेला, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी घासाघीस करण्यात उमेदीची वर्षं गेली. मला कोण फसवणार, अशी गुर्मी होती. ती एका रविवारी दुपारी, चहा निवायच्या आत उतरली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक टाइप वाचवत नाही म्हणून मुलानं टॅब पाठवला. कोथरूडचा भाचा येऊन वाय-फाय, गूगल खातं, वाचायचं अ‍ॅप सगळं लावून गेला. जाताना त्यानं सांगितलं, "मामा, पुस्तक ईपब नावाच्या फाइलमधलं असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप जुळतात. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ असेल तर ते जमणार नाही." मला मिळालेली जुनी मराठी पुस्तकं नेमकी त्या दुसऱ्या जातीची. अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ स्क्रीनबाहेर. दोन दिवस बोटानं पान डावीकडे-उजवीकडे ढकलत बसलो आणि वैतागलो.

तशात व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर जाहिरात आली. पाच हजार मराठी पुस्तकं, मोठ्या अक्षरात, फक्त 199 रुपयांत. यादीत आजचे, हयात लेखकही होते. हा चोरीचा माल आहे हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पण मोह झाला, हे कबूल करतो.

क्यूआर कोडवर पैसे पाठवले. त्या माणसाचा फोन आला, अगदी अदबीनं. "काका, पुस्तकं आमच्याच रीडरमध्ये उघडतात, लिंक पाठवतो." ती प्ले स्टोअरची नव्हती, बाहेरून परस्पर इन्स्टॉल करायची एपीके फाइल होती. टॅबनं लाल खूण दाखवून हे अ‍ॅप धोक्याचं असू शकतं असं बजावलं. काका म्हणवून घेतल्यावर मी टॅबचं कशाला ऐकतोय? "तरीही इन्स्टॉल करा" दाबलं. मग त्या रीडरनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पुस्तक वाचायला एसएमएस कशाला लागतात, हा प्रश्न मला रात्री पडला.

शेवटी नोंदणीचे 5 रुपये मागितले. डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. आणखी एक घोळ मीच करून ठेवला होता. टॅबमध्ये घातलेलं जुनं सिम बँकेत नोंदवलेल्या नंबरचंच होतं. बँकेचा ओटीपी त्या टॅबवर येत होता आणि ते अ‍ॅप तो परस्पर उचलून घेत होतं. मला एकही मेसेज दिसला नाही. संध्याकाळी ईमेल उघडला तेव्हा कळलं: आधी 24,999 आणि मग 18,500 रुपये गेले होते.

भाच्यानं फोनवरच ओरडून सिम काढायला आणि वाय-फाय बंद करायला लावलं. मी माझ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रात्री पत्त्यात cybercrime ऐवजी भलतंच काही टाइप होऊ नये म्हणून सरकारी सायबर पोर्टलवरचा तपशील भाच्याकडूनच भरून घेतला. घाई केली म्हणून 18,500 पुढच्या खात्यात गोठवता आले. ते अजून हातात आलेले नाहीत. पहिली रक्कम तोवर पुढे सरकली होती.

बँकेतल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक समजावलं. आपल्याच हलगर्जीपणानं तपशील गेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मला राग आला, पण कार्डाचे आकडे मीच भरले होते, भांडणार कशावर? म्हणून सांगतो, असं काही झालं तर मुलांना काय वाटेल याचा विचार करत अर्धा तास घालवू नका. मी घालवला.

टॅब फॅक्टरी रीसेट केला, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. त्या 199 रुपयांत काय मिळालं होतं, तेही रीसेटआधी भाच्यानं पाहिलं. बेचाळीस फाइली, सगळ्या पीडीएफ, कित्येक तिरक्या स्कॅन केलेल्या. त्यातली बरीच साने गुरुजींची. गुरुजी 1950 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे ती पुस्तकं 2011 पासून सगळ्यांना मोकळीच आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही मंडळाची कितीतरी प्रकाशनं फुकट उतरवता येतात, हे मला भाच्यानं नंतर दाखवलं.

ही अजून रोज विचारते, "मग, झाली का पाच हजार वाचून?"