नॅसकारचं रोजचं बातमीपत्र: ‘रेस हब’, ‘नॅसकार नाऊ’ की ‘नॅसकार अमेरिका’?

फॉर्म्युला वन बघणारा आपला माणूस नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कारची (बाहेरून साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची) शर्यत लावतो आणि बहुतेक वेळा तासाभरात बंद करतो. अंडाकृती ट्रॅक, चाळीसेक गाड्या, सगळी वळणं डावीकडे आणि तीन-साडेतीन तासांचा खेळ. नॉर्थ कॅरोलायनात नोकरीला गेलेल्या मंडळींना तर सोमवारी ऑफिसात हाच विषय ऐकावा लागतो आणि त्यातलं काही कळत नाही. माझं मत असं की हा खेळ कळायला आठवड्याचे मधले दिवस बघावे लागतात. त्या दिवसांसाठी अमेरिकन चॅनेलांनी वर्षानुवर्षं रोजचे कार्यक्रम चालवले. ते आता बंद झालेत, पण त्यांचे बरेच तुकडे यूट्यूबवर सापडतात आणि नवख्याला त्याहून चांगला मास्तर मिळणार नाही.

एकच कार्यक्रम निवडायचा असेल तर ‘रेस हब’ बघा. बाकीचे दोन कोणासाठी, हे पुढे सांगतो.

रविवारी होणाऱ्या शर्यतीवर रोज बोलण्यासारखं असतं तरी काय, असं कुणी विचारेल. फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत गुणांच्या 36 शर्यती असतात, म्हणजे जवळपास दर आठवड्याला एक. सोमवारी आधीच्या शर्यतीची चिरफाड. मंगळवार-बुधवारकडे गाड्यांच्या तपासणीतून निघालेले दंड जाहीर होतात. तोवर कारखान्यांत पुढच्या गाड्या तयार होतात आणि आठवडा संपता संपता त्या ट्रेलरमधून पुढच्या गावी निघतात. हे कारखाने बहुतेक सगळे शार्लट शहराच्या आसपास आहेत: हेन्ड्रिक संघाचा कॉन्कर्डला, जो गिब्ज संघाचा हंटर्सव्हिलला, पेन्स्के संघाचा मूर्सव्हिलला. ही भौगोलिक गोष्ट लक्षात ठेवा, निवड करताना ती फार कामाला येते.

आधी थोडा इतिहास. ‘ईएसपीएन टू’वर 1996 साली ‘आरपीएम टुनाइट’ सुरू झाला. जॉन केर्नन त्याचा मुख्य चेहरा. त्यात फक्त स्टॉक कार नव्हत्या, सगळ्या प्रकारच्या मोटर शर्यती असायच्या. तेव्हा प्रत्येक ट्रॅकवाला आपल्या शर्यतीचे टीव्ही हक्क स्वतंत्रपणे विकायचा. नॅसकारने 2001च्या मोसमापासून ते एकत्र बांधले आणि फॉक्स, एनबीसी व टर्नर यांना सहा वर्षांसाठी सुमारे 240 कोटी डॉलरना दिले. ईएसपीएन बाहेर पडलं आणि 2003 साली ‘आरपीएम’ही संपला. दरम्यान फॉक्स स्पोर्ट्स नेटने 2001मध्ये ‘टोटली नॅसकार’ काढला, सूत्रधार स्टीव्ह बर्न्स. म्हणजे हक्क ज्याच्याकडे, बातमीपत्र त्याचं. पुढेही हेच झालं: 2007 साली ईएसपीएनकडे हक्क परत आले आणि ‘नॅसकार नाऊ’ सुरू झाला, 2014 साली ते हक्क संपले, कार्यक्रमही संपला.

‘नॅसकार नाऊ’ फेब्रुवारी 2007मध्ये सुरू झाला आणि त्याला पहिल्याच महिन्यात मोठी बातमी मिळाली. डेटोना 500 या सर्वांत प्रतिष्ठेच्या शर्यतीच्या आठवड्यात ड्रायव्हर मायकल वॉल्ट्रिपच्या गाडीच्या इंधनव्यवस्थेत बंदी असलेला पदार्थ सापडला. त्याचे 100 गुण कापले आणि त्याच्या क्रू चीफला (गाडीच्या तांत्रिक चमूच्या प्रमुखाला) एक लाख डॉलरचा दंड होऊन ट्रॅकबाहेर काढलं गेलं. अशा आठवड्यांत या कार्यक्रमाचं बळ दिसतं, कारण त्याची घडण बातम्यांच्या चॅनेलची होती. स्टुडिओ ईएसपीएनच्या मुख्यालयात, कनेटिकटमधल्या ब्रिस्टलला. (प्रसिद्ध ब्रिस्टल ट्रॅक टेनेसीत आहे, नवखे इथे गोंधळतात.) अॅलन बेस्टविकने चालवलेल्या सोमवारच्या गोलमेज चर्चा मात्र जरूर शोधा. हा माणूस रेडिओवरून शर्यती सांगत वर आला, त्यामुळे समोर बसलेल्या तज्ज्ञाला नेमकं कुठे थांबवायचं हे त्याला कळतं. बाकीच्या दिवसांचं अर्ध्या तासाचं बातमीपत्र आज बघायला कोरडं वाटतं. शिळ्या बातमीला शिळेपणा येतोच.

‘रेस हब’ स्पीड चॅनेलवर 12 ऑक्टोबर 2009 रोजी आला. आधी अर्धा तास, नंतर तासभर, आणि 2013च्या ऑगस्टमध्ये स्पीडचं ‘फॉक्स स्पोर्ट्स वन’ झाल्यावर तिथे. तयार व्हायचा शार्लटमध्येच. ड्रायव्हर, क्रू चीफ, मालक ही मंडळी गाडी काढून स्टुडिओत येऊन बसू शकत होती. समोरासमोर बसलेला माणूस आणि उपग्रहावरून कानात यंत्र घालून बोलणारा माणूस यांच्या बोलण्यात पडणारा फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. शिवाय लॅरी मॅकरेनल्ड्ससारखा तज्ज्ञ. डेल अर्नहार्टने 1998 साली डेटोना 500 जिंकली तेव्हा त्याचा क्रू चीफ हाच होता. आणि स्टीव्ह बर्न्स, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कॅन्सरशी झगडत असताना टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या शर्यतीला त्यांचं नाव दिलं गेलं. ती शर्यत 19 एप्रिल 2015 रोजी झाली आणि दोन दिवसांनी ते गेले. त्यांचे जुने भाग बघा. पाहुण्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारा सूत्रधार काय असतो ते दिसेल.

पण या जवळिकीची किंमतही असते. 2013च्या सप्टेंबरमधलं रिचमंडचं प्रकरण घ्या. अंतिम फेरीआधीची (मोसमाच्या शेवटच्या दहा शर्यतींत निवडक ड्रायव्हरच विजेतेपदासाठी झुंजायचे, ती फेरी) शेवटची शर्यत, ट्रॅकच्या सात चकरा उरलेल्या, रायन न्यूमन पुढे, आणि क्लिंट बोयरची गाडी गरकन फिरली. सहकारी मार्टिन ट्रूएक्सला पुढे सरकवण्यासाठी संघाने शर्यतीत ढवळाढवळ केल्याचं नॅसकारने ठरवलं. मायकल वॉल्ट्रिपच्या संघाला तीन लाख डॉलरचा दंड झाला, ट्रूएक्स अंतिम फेरीतून बाहेर, न्यूमन आत. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी जेफ गॉर्डनलाही तेरावा म्हणून घेतलं. त्या वेळी ‘नॅसकार नाऊ’ आणि ‘रेस हब’ दोन्ही चालू होते, आणि वॉल्ट्रिप स्वतः फॉक्सचा विश्लेषक होता. आपल्याच सहकाऱ्याच्या संघावर बोलायची वेळ आली की कुठल्याही चॅनेलची परीक्षाच असते. म्हणून वादाच्या बातमीपुरतं तरी मी लांबच्या स्टुडिओला झुकतं माप देईन.

तिसरा ‘नॅसकार अमेरिका’. एनबीसीने 2015च्या उन्हाळ्यात शर्यती दाखवायला सुरुवात केली, पण हा कार्यक्रम 2014मध्येच ‘एनबीसीएसएन’वर आणला. स्टुडिओ पुन्हा कनेटिकटमध्ये, स्टॅमफर्डला. तरी तो दूरचा वाटत नाही, कारण माणसं थेट पिटमधून (शर्यतीत गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात त्या जागेतून) उचलली होती. स्टीव्ह लेटार्ट हा 2014 साली डेल अर्नहार्ट ज्युनियरला डेटोना 500 जिंकून देणारा क्रू चीफ. पुढच्याच वर्षी तो कॅमेऱ्यासमोर आला. ज्युनियर स्वतः 2018मध्ये आला. जेफ बर्टनही होता.

ज्याला गाडीचं यंत्र समजून घ्यायचंय, त्याने लेटार्टपासून सुरुवात केली तरी चालेल. ड्रायव्हर रेडिओवर ‘लूज’ म्हणतो तेव्हा मागची चाकं वळणावर बाहेर सरकत असतात. ‘टाइट’ म्हणतो तेव्हा नाक वळायला तयार नसतं. पिटमध्ये गाडी थांबली की एक जण मागच्या काचेतल्या भोकात लांब पाना घालून अर्धा फेरा देतो. तेवढ्याने स्प्रिंगवरचा दाब बदलतो, गाडीचं वजन एका कर्णावरून दुसऱ्यावर सरकतं आणि तीच गाडी वळणावर वेगळी वागते. हे एकदा कळलं की डावीकडच्या त्याच वळणांकडे बघायची नजरच बदलते. स्टुडिओतल्या सिम्युलेटरवर बसून पार्कर क्लिगरमन ट्रॅकची फेरी समजावून सांगायचा, तेही भाग छान आहेत. ‘एनबीसीएसएन’ हे चॅनेलच 2021च्या अखेरीस बंद झालं.

इथेच एक अडचण येते. नॅसकारने 2022 साली गाडी पूर्ण बदलली. चाकाच्या पाच नटांच्या जागी एकच नट आला, मागचा अखंड आस जाऊन स्वतंत्र सस्पेन्शन आलं, चार गिअरच्या जागी पाच गिअरचा सीक्वेन्शियल बॉक्स बसला. ‘ट्रॅक बार’ नावाची जी पट्टी जुन्या भागांत सतत कानावर पडते, ती आता गाडीत नाही. शर्यतीचे टप्पे पाडून गुण द्यायला 2017मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे त्याआधीचे डावपेचही वेगळे. ‘लूज’-‘टाइट’ आणि पान्याचा अर्धा फेरा तेवढा कायम आहे. म्हणून उद्याची शर्यत कळावी एवढाच हेतू असेल तर ‘रेस हब’चे 2022 आणि त्यानंतरचे तुकडे आधी बघा. माणसांची, भांडणांची, दंडांची गोष्ट हवी असेल तर 2013चा तो सप्टेंबर शोधा, आणि दोन्ही चॅनेलांचं जे हाती लागेल ते शेजारी शेजारी ठेवून बघा.