३०/७० ची बाटली की ग्लार्जिनचं पेन? आठ महिन्यांच्या वापरानंतर

टाइप २ मधुमेह. पहिले चार महिने ३०/७० मिक्स इन्सुलिन बाटलीतून, सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट. पुढचे चार महिने ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर चालणारं इन्सुलिन, पेनने, रात्री एकदाच २४ युनिट. मेटफॉर्मिनची गोळी दोन्ही वेळी चालू. एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, फारसा फरक नाही. ग्लार्जिनचे जादा पैसे जातात ते रात्रीची साखर घसरू नये म्हणून. तो त्रास नसेल तर बाटली अजिबात कमी प्रतीची नाही.

आधी हिशेब. मिलीला ४० युनिटवाल्या १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज ३० लागली तर बाटली तेरा दिवस जाते, म्हणजे महिन्याला सव्वादोन बाटल्या. बाटली दीडशे रुपयांच्या आसपास धरली तर सिरिंजसकट पाचशेच्या आत भागतं. ग्लार्जिनच्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये (पेनमध्ये बसणारी इन्सुलिनची नळी) ३०० युनिट, पण दर वेळी सुई तपासायला २ युनिट बाहेर सोडावी लागतात. रोजची २६ झाली, कार्ट्रिज साडेअकरा दिवसांत संपली. ब्रँडनुसार एक कार्ट्रिज साधारण ५०० ते ८०० रुपये, सुया वेगळ्या. महिन्याला तेराशे ते दोन हजार सहज जातात. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिन आलं, तरी फरक मोठाच आहे.

आता रात्रीचं. मिक्समध्ये ३० टक्के साधं इन्सुलिन जेवणासाठी आणि ७० टक्के मध्यम वेळ चालणारं एनपीएच नावाचं इन्सुलिन. एनपीएचचा जोर टोचल्यावर चार ते बारा तासांत कधीतरी चढतो. आठला टोचलं की हा जोर नेमका मध्यरात्रीनंतर येतो. जेवण थोडं झालं किंवा उपवास असला की दोन-तीनला घाम, धडधड, साखर ६० च्या घरात. शिवाय मिश्रण ठरलेलं. एकादशीला फक्त जेवणाचा भाग कमी करू म्हटलं तर करता येत नाही. जेवणाआधी अर्धा तास टोचायचं, आणि टोचलं की जेवायलाच हवं. ग्लार्जिनला असा ठळक चढ नाही, ते जवळजवळ २४ तास सपाट चालतं. मात्र जेवणानंतर चढणारी साखर ते धरत नाही. बदल केल्यावर दुपारी भात खाल्ल्यानंतरचे आकडे वर गेले, हा त्याचा खरा तोटा.

बाटलीत सगळ्यात जास्त चुका ढवळण्यात होतात. पांढरा साका तळाला बसलेला असतो. तळहातांत दहा वेळा फिरवायची, दहा वेळा उलटी-सुलटी करायची, दुधाळ पाण्यासारखी एकसारखी दिसेपर्यंत. जोरात हलवली की फेस येतो आणि डोस चुकतो. साका तसाच राहिला तर बाटलीच्या सुरुवातीला एक ताकद, शेवटी दुसरी; डॉक्टरांना वाटतं पथ्य मोडलं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं तर फेकून द्या, आणि ते दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळू नका.

सिरिंज मात्र जीवावर बेतू शकते. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची यू-४० सिरिंज, १०० च्या इन्सुलिनला केशरी टोपणाची यू-१००. पेनची कार्ट्रिज १०० ची असते. तिच्यातून यू-४० सिरिंजने ओढलं तर अंगात अडीचपट जातं. दुकानदार 'एकच आहे' म्हणाला तरी टोपण बघा.

पेनमध्ये बटण पूर्ण दाबून मनात दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. लवकर काढली की टोकावर थेंब दिसतो, तो तुमच्या डोसातला असतो. सुई लावून पेन ठेवलं की हवा शिरते. ४ मिमीची सुई सरळ टोचायची, रोज जागा बोटभर सरकवायची. एकाच जागी टोचून गाठ आली की साखर कधी वर, कधी खाली, कारण तिथून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. चालू ग्लार्जिन ३० अंशांखाली २८ दिवस टिकतं. विदर्भातल्या मे महिन्यात ते बाहेर ठेवून चालणार नाही. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं भांडं बरं काम करतं.

पेन घेण्याआधी कार्ट्रिज कोणत्या कंपनीची मिळणार ते विचारा. एकीची कार्ट्रिज दुसरीच्या पेनला धड बसत नाही. आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदला: मिक्सचे ३० युनिट जसेच्या तसे ग्लार्जिनचे ३० करायचे नसतात, सुरुवातीला सहसा पाचवा हिस्सा कमी करतात.