हेड गेलंच नव्हतं! कॉम्बो प्लेअर जोडून घेताना गेलेले 4,670 रुपये

डीव्हीडी आणि व्हीएचएस कॅसेट दोन्ही चालवणारा कॉम्बो प्लेअर, नवा एलईडी टीव्ही आणि केबलचा सेट टॉप बॉक्स. ही तीन यंत्रं एकमेकांना जोडायची, एवढंच काम होतं. त्याचे किती घेतले ते आधी लिहितो. व्हिजिट 350, ‘स्पेशल केबल’ 1,180, सिग्नल वाढवणारा बूस्टर 690 आणि व्हीसीआरचं, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या भागाचं, ‘नवीन हेड’ (फितीवरचं चित्र वाचणारा भाग) 2,450. एकूण 4,670 रुपये, सगळे यूपीआयने, बिल नाही. नंबर इंटरनेटवर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ म्हणून मिळाला होता. असली सेंटरं बऱ्याचदा बनावट निघतात हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही होतं. पण व्हीसीआरला हात लावणारा माणूस आज शोधून सापडत नाही, म्हणून तिथला मेकॅनिक बोलावला.

कॉम्बोच्या मागे आउटपुटचे दोन गट असतात. एक हिरवा-निळा-लाल, म्हणजे कॉम्पोनंट. बऱ्याच मॉडेलांवर तिथे ‘डीव्हीडी’ एवढंच छापलेलं असतं. दुसरा पिवळा-पांढरा-लाल, ‘डीव्हीडी/व्हीसीआर’ लिहिलेला. अशा मशीनमध्ये कॅसेटचं चित्र फक्त या दुसऱ्या गटातून बाहेर येतं. त्याने पहिला गट जोडला, डीव्हीडी लावून स्वच्छ चित्र दाखवलं, माझा विश्वास बसला. मग कॅसेट घातली. पडदा काळा, आणि थोड्या वेळाने ‘नो सिग्नल’. दुसऱ्या क्षणाला निदान तयार: “हेड गेलंय साहेब.”

नेमकं इथे मला थांबवता आलं असतं, आणि तेच अजून डोक्यातून जात नाही. प्लेचं बटण दाबलं की व्हीसीआर स्वतःहून पडद्यावर ‘प्ले’ लिहितो. ती अक्षरं मशीनच्या सर्किटमध्ये तयार होतात, हेडशी त्यांचा संबंध नाही. हेड खरंच खराब असेल तर मुंग्या येतात किंवा निळा पडदा येतो, पण अक्षरं दिसतात. साध्या मोनो व्हीसीआरमध्ये आवाजाचं हेडही वेगळं असतं, त्यामुळे चित्र गेलं तरी आवाज बहुधा चालू राहतो. इथे चित्र नाही, आवाज नाही, अक्षरंही नाहीत. म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल टीव्हीपर्यंत पोचतच नव्हता. मी ते डोळ्यांनी बघत होतो, आणि तरी मान हलवली. समोरचा ठामपणे बोलत असताना आणि झाकण उघडून बसलेला असताना आपणच चुकत असू असं वाटतं.

‘कंपनीचं नवीन हेड’ हे ऐकूनही शंका यायला हवी होती. जगातली शेवटची ज्ञात व्हीसीआर बनवणारी कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केलं. ताजं हेड येणार कुठून? आणि काढलेलं जुनं हेड? तुम्ही मागाच. मी मागितलं नाही.

बदललं तर काहीच नव्हतं. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागावर, खाली-वर घासली, आणि खरं नुकसान तिथे झालं. ड्रमच्या कडेला हेडची टोकं नखाच्या कोपऱ्याहूनही बारीक असतात, आडव्या रेषेत फिरतात. काडी उभी फिरवली की कापसाचा धागा अडकून टोक तुटतं. साफ करायचं तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं शॅमॉय (मऊ चामडं), ते ड्रमला हलकं टेकवून धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. उभा हात अजिबात नाही. नंतर मी पिवळी-पांढरी-लाल केबल योग्य जागी लावली. ‘प्ले’ आलं, आवाज आला, आणि चित्राच्या जागी मुंग्या. चांगलं चालणारं हेड 2,450 रुपये देऊन मोडून घेतलं.

बूस्टरही असाच. केबलची वायर त्याने कॉम्बोच्या अँटेना इनमध्ये घातली, चॅनल लागेना, तर म्हणे सिग्नल कमी आहे. कॉम्बोचा ट्यूनर अ‍ॅनालॉग, केबल डिजिटल. कितीही बूस्टर लावा, काही दिसणार नाही. बरोबर जोडणी अशी: बॉक्सची एचडीएमआय थेट टीव्हीला. बॉक्सची एव्ही आउट कॉम्बोच्या एव्ही इनला, ती फक्त रेकॉर्डिंगसाठी, कॉम्बोवर लाइन इनपुट निवडून. बॉक्स ज्या चॅनलवर असेल तेवढंच रेकॉर्ड होतं, टायमर लावला तरी बॉक्स चालू ठेवावा लागतो. कॉम्बोची पिवळी-पांढरी-लाल टीव्हीच्या एव्ही इनला. बॉक्सचं चित्र कॉम्बोमधून फिरवून टीव्हीला नेऊ नका, कॉपी-संरक्षण असलेल्या कार्यक्रमात ते उजळ-अंधूक होत राहतं. कित्येक टीव्हींना पिवळा सॉकेट नसतो, हिरव्यातच पिवळी लावायची असते. तिथे टीव्हीचा इनपुट एव्हीऐवजी कॉम्पोनंटवर राहिला तर चित्र काळं-पांढरं येतं. तोही बिघाड नाही.

‘स्पेशल केबल’ म्हणजे 3.5 मिमीच्या चार कड्यांच्या पिनला तीन आरसीए, म्हणजे पिवळा-पांढरा-लाल प्लग. बॉक्सला ती लागते हे खरं, पण कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. स्पीकरमधून घरघर आली तर आधी पिवळा आणि लाल प्लग अदलाबदल करून बघा. ग्राउंडची कडीच वेगळी असेल तर मात्र केबल बदलावीच लागते.

आता तक्रारीचं. कंपनीच्या फोनवर सांगितलं, मॉडेल बंद झालंय, सिस्टिममध्ये नाही. अहो, मी दुरुस्ती मागत नाहीये, तुमच्या नावाने कोणीतरी लुटतोय हे कळवतोय! “सर, मॉडेल नंबर सांगा.” चार वेळा तेच. केबलवाल्याने बॉक्सच्या पुढची जबाबदारी झटकली. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलिस चौकीत दीड तास बसवून ऐकवलं की तो घरी आला, काम केलं, तुम्ही मजुरी दिलीत, यात गुन्हा कुठला? हेड बदललंच नाही, हाच गुन्हा! ते ऐकून घ्यायला कोणाला पाच मिनिटं नव्हती. वर एकाने सल्ला दिला, “आता कॅसेट कोण बघतं?” कॅसेटवर जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही, म्हणूनच मशीन जपलं होतं.

बिल नसेल तर यूपीआयची नोंद जपा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. झाकण उघडलं की आत हात लावण्याआधी फोटो काढा. मशीनवर हात पडला की पहिली कॅसेट टाकाऊच लावा, तुटलेलं हेड फीत खरवडतं. माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी आहेत, मागच्या जोडणीचा फोटो आहे आणि मुंग्यांचा व्हिडिओ आहे. हे तीन जोडून याच आठवड्यात आयोगात अर्ज करतोय.