नोकरी सांभाळून कादंबरी लिहिणाऱ्यांनो, ‘सहा महिन्यांत पुस्तक’वाल्यांपासून जपा

पैसे भरून माझी कादंबरी छापून घेण्यात एकूण ₹९१,९१९ गेले. ठरल्या होत्या ३०० प्रती, आल्या २५. आणि त्या पंचवीसच्या पंचवीस प्रतींत पान ९७ ते ११२ हा अख्खा फर्मा (एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं) दोनदा बांधलाय, ११३ ते १२८ गायब. म्हणजे पुराचं पाणी गोदामात शिरतं आणि पान उलटलं की पुन्हा आयर्विन पुलाखाली! नातेवाइकांना हौसेनं प्रती वाटल्या, त्यातल्या एकानंही हे मला सांगितलं नाही. यावरून कोणी किती वाचलं तेही कळलं, असो.

मी सांगलीची, एका पतसंस्थेत कॅशियर. २०१९च्या महापुरात हळदीच्या गोदामात अडकलेल्या शिदू नावाच्या हमालाची ही कादंबरी. वेळ कुठून काढलास, असं सगळे विचारतात. साडेचारला उठून. एकीकडे कुकर, ओट्याच्या कडेला वही. मग डबे, सासूबाईंच्या गोळ्या, दहाला काउंटर, आणि संध्याकाळी पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचा, भरणा पैशाला पैसा जुळेपर्यंत हलायचं नाही. असा संसार करून लिहिणाऱ्या माणसाला नेमकं काय विकायचं, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. ते पुस्तक विकतच नाहीत. ‘बाकीचं आम्ही बघतो, ताई’ एवढं एक वाक्य विकतात.

सुरुवात झाली ‘नोकरदार लेखकांसाठी’ ऑनलाइन वर्गानं. जानेवारी २०२४, फी ₹७,९९९. रोज ५०० शब्द, रविवारी १,५०० असा तक्ता, आणि आठवड्याला मार्गदर्शकांचा फोन. तक्ता चांगला होता हो. त्यामुळेच तर घात झाला. रखडलेली शेवटची प्रकरणं त्या तक्त्यावरच पुरी झाली, आणि ज्या माणसामुळे कादंबरी पुरी झाली तो चोर असेल असं कोणाच्या मनात येईल? मला मूर्ख म्हणण्याआधी याचं उत्तर द्या.

पुढची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. तुमचं लेखन ‘निवड समिती’नं निवडलंय, मोजक्याच जागा, आज रात्री बारापर्यंत सवलत. पुस्तक काढून देण्याचं पॅकेज ₹४८,५००. करार आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मार्च एंडला पतसंस्थेत काम केलेल्यांना विचारा, तेव्हा स्वतःचं नाव तरी आठवतं का ते. रात्री साडेनऊला घरी येऊन मी मोबाइलवर १४ पानांचा करार वर सरकवला, ओटीपी टाकला, झाली सही. हे लोक तारीखसुद्धा हिशोबानं निवडतात, असं आता माझं ठाम मत आहे, कारण माझी नोकरी, मार्च एंड, सगळं मीच त्यांना वर्गात सांगितलं होतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही रात्री उठून बसते. करारानंतर ‘संपादकीय अभिप्राया’चा फोन आला. सकाळी पावणेसातची वेळ, मी पोळ्या लाटत होते, फोन खांद्यात धरलेला. गृहस्थ गंभीर आवाजात म्हणाले, “ताई, तुमच्या नायिकेचं एकटेपण फार आतून आलंय. शेवटी ती माहेरी परत जाते तिथं माझे डोळे भरले.” नायिका? माझ्या कादंबरीत नायिका नाही. पन्नाशीचा हमाल आहे. शिदूची बायको पहिल्याच प्रकरणात वारलेली, माहेरी कुठून जाईल? आणि मी काय केलं असेल? तव्यावरची पोळी करपली तरी हलले नाही. म्हटलं, किती खोल वाचतात ही माणसं! शिदूच्या आतली बाई यांना दिसली! दिवसभर काउंटरवर त्याच तोऱ्यात होते.

लिहिणाऱ्याला कौतुकाची भूक असते आणि घरात ते कोणी करत नाही. आमच्याकडे कादंबरीबद्दल एकच प्रश्न विचारला गेला होता, “लाइट बिल किती आलं?” तेव्हा त्या फोनवर मी का विरघळले, हे ज्यांनी पहाटे उठून लिहिलंय त्यांना कळेल. एक करा. कोणी अभिप्राय दिला की विचारा, तिसऱ्या प्रकरणात कोण मरतं? उत्तर आलं नाही तर फोन ठेवा.

त्यानंतर पैसे सुटे सुटे काढले. मुद्रितशोधन पानाला ₹३५, पानं ३१२, झाले ₹१०,९२०. फाइल परत आली तेव्हा मालनकाकू दहाव्या प्रकरणापासून मालतीकाकू झालेली तशीच होती (ती चूक माझी, पण मग ₹१०,९२० कशाचे?), आणि वर फाँट बदलताना सगळे रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसलेले.

‘आयएसबीएन शुल्क’ ₹३,५००. पुस्तकाच्या ओळखीचा हा क्रमांक भारतात फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, स्वतः पुस्तक काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. माझ्या मलपृष्ठावरचा क्रमांक भाच्यानं शोधून पाहिला तर निघाला लोणच्यांच्या पुस्तकाचा. ‘कॉपीराइट नोंदणी’ ₹६,०००. सरकारी फी ₹५००, आणि मुळात लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचाच असतो, नोंदणी फक्त पुराव्याला. अर्ज केला की लगेच डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. तो मागा. मला सहा महिने ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच ऐकवलं.

शेवटचा घाव ऑक्टोबरमध्ये. ३ तारखेला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला आणि आठवडा उलटायच्या आत फोन. “ताई, आता केंद्राचा निधी येणार, फेब्रुवारीत दिल्लीला ९८वं साहित्य संमेलन, तिथं तुमचं प्रकाशन करू.” ₹१५,०००. सत्तर वर्षांनी दिल्लीत संमेलन भरतंय, तालकटोरा स्टेडियम, आणि तिथं माझा शिदू! रजेचा अर्जसुद्धा टाकला होता. आदल्या आठवड्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ रद्द. संमेलनाचा यात काडीचा दोष नाही, त्यांना माझं नावही माहीत नसणार. पण कोणी संमेलनातल्या प्रकाशनाचे पैसे मागितले तर आधी संयोजकांना विचारा, मध्यस्थाला नको.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक १४ अक्षरी होता. असतो १५, आणि महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं. पोर्टलवर टाकला की मिनिटात नाव दिसतं. पैसे मात्र कोणाच्या तरी खासगी बचत खात्यात यूपीआयनं गेलेले. दिवसभर दुसऱ्यांचे चेक उलटेसुलटे करून बघणारी मी! पण घरी आल्यावर कोण कॅशियर असतं?

आता तक्रारीची कथा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. बाई म्हणाल्या, पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत आणि त्यालाही महिने झाले, आता खातं गोठवून काय मिळणार? तरी पोर्टलवर तक्रार टाकली, ती आमच्या ठाण्याकडे आली. ठाण्यातून सायबरला पाठवलं, सायबरमधून परत ठाण्याला. अंमलदारांनी पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि म्हणाले, “मॅडम, पुस्तक तर मिळालंय की. मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.” मी पान ९७ उघडून दाखवलं, मग पुढे जाऊन पुन्हा ९७ दाखवलं. त्यावर शेजारचे हवालदार, “आमच्यावर पण लिहा की एक.” हसले सगळे. खोटा आयएसबीएन, खोटा जीएसटी क्रमांक, न केलेल्या नोंदणीचे पैसे, यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ बसत नाही तर कशात बसतं? अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते. वकील चुलतभाऊ सोबत गेला तेव्हा कुठे शिक्का मिळाला.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं तक्रार ‘कंपनीकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. अहो, प्रतिसाद नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आले! गावातल्या एका साहित्य संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडेही गेले, तर “आम्हाला आधी विचारायचं होतं.” कसं विचारणार? त्यांचं कार्यालय उघडतं संध्याकाळी पाच ते सात, तेव्हा मी कॅश जुळवत असते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी, पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. ही माहिती दारावर का लावत नाहीत?

सगळ्यात जास्त जळते ती कराराच्या ११व्या कलमानं. कादंबरीचे सर्व हक्क, चित्रपट आणि भाषांतरासकट, ‘कायमस्वरूपी’ त्यांच्याकडे. मुदत लिहिलेली नसती तर कायदा पाच वर्षं धरतो. यांनी लिहून ठेवली. आता खऱ्या प्रकाशकाकडे शिदूला घेऊन गेले तर पहिला प्रश्न हाच येणार. तेव्हा करारात हक्काचं पान आधी वाचा, किमतीचं नंतर. मुदत, प्रतींची संख्या आणि करार रद्द करायची अट, यातलं एक जरी नसेल तरी ओटीपी टाकू नका, मग मार्च एंड असो की घरात लग्न.

जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल केलीय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, हे तरी बरं. पहिली नोटीस पुण्याच्या पत्त्यावर गेली आणि ‘या नावाचे कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. भाच्यानं जाऊन पाहिलं, तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. मालकानं सांगितलं, या नावाची चौकशी करत येणारा तो पहिला नाही. आयोगाच्या कार्यालयातून मला कळवण्यात आलं की पुढच्या तारखेपर्यंत विरुद्ध पक्षाचा खरा पत्ता तक्रारदारानंच शोधून द्यावा. साडेचारला उठते अजून. हल्ली पत्ता शोधते. कोणाकडे याच ११व्या कलमाचा करार असेल तर त्यांच्याकडून आलेल्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का मला कळवा, दोन्ही पाहिजेत.