मायबोली आणि मिपावर लिहून वाचक मिळतात का? माझा अनुभव

सरळच सांगतो, स्वतःच्या साइटवर गर्दी व्हावी म्हणून मायबोली किंवा मिसळपाव (म्हणजेच मिपा) या मराठी लेखन-चर्चेच्या साइटींवर जाणार असाल तर राहू द्या, आणि नीट वाचणारे लोक हवे असतील तर आजच आयडी काढा. बरेच जण ह्या दोन्हीत गल्लत करतात, मग महिनाभरात "तिथे काही दम नाही" म्हणत बाहेर.

माझा विषय म्हणजे पुण्यातले जुने वाडे, हौद, बोळ वगैरे. इन्स्टावर हे टाकलं की लोक शनिवारवाड्यातल्या भुताबद्दल विचारतात, बाकी कशात कुणाला रस नाही. एका पुणे ग्रुपवर (नाव नाही घेत) लेख पाठवला तर अ‍ॅडमिनसाहेबांनी मंजूर तर केला नाहीच, वर त्यातले फोटो थोड्या दिवसांनी त्यांच्याच पेजवर झळकले. असो.

आधी मायबोली. १९९६ पासून सुरू आहे, म्हणजे गूगलपेक्षाही जुनी, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं मुरलेले लोक आहेत, अर्धे पुण्यात आणि अर्धे परदेशात बसून पुण्याची आठवण काढणारे. पुण्याबद्दल लिहिणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार! फक्त एक लक्षात ठेवा, लिहायचं तर आधी त्या त्या ग्रुपचं सभासद व्हावं लागतं आणि लेख टाकताना "सार्वजनिक" वर टिक करायची राहिली तर तो फक्त ग्रुपवाल्यांनाच दिसतो. नवीन माणूस इथे हमखास अडकतो आणि मग "एकही प्रतिसाद नाही" म्हणून हिरमुसतो.

मिपा २००७ सालचं, तिथला सूर जास्त कट्ट्यावरचा. "जनातलं, मनातलं" मध्ये लेख, "काथ्याकूट" मध्ये वादावादी. तिथे काय होतं ते एका लेखावरून सांगतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं होतं, जमिनीखालून बांधीव नळ, वाटेत हवा निघायला उच्छ्वास आणि पेठापेठांत हौद, यावर मी लिहिलं होतं. माझ्या साइटवर त्याला "छान माहिती" आणि एक अंगठा, संपलं. तोच लेख मिपावर टाकला तर एकाने विचारलं की पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर एवढं लांब पाणी आणलं ते कसं, दुसऱ्याने लिहिलं, "आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात हौद होता आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की घरातल्या सगळ्यात बारक्या पोराला आत उतरवून गाळ काढायला लावायचे, ते बारकं पोर म्हणजे मीच." तिसऱ्याने बाहुलीचा हौद काढला, तो पेशवाईनंतरचा, डॉ. विश्राम घोल्यांनी मुलीच्या आठवणीसाठी बांधलेला, आणि मग त्या एका हौदावर जी काय चर्चा सुरू झाली ती लेखापेक्षा लांब! मला पुढच्या लेखाचा अर्धा मसाला तिथेच मिळाला.

नुसतं "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) आलं की मी धरतो, शीर्षक वाचून पुढे गेलाय गडी. "पुभाप्र" (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) आलं तर थोडी आशा.

आता साइटवर लोक येतात का? येतात, पण मोजकेच, आणि तेही लेख पूर्ण तिथे टाकला तरच. अर्धा लेख आणि खाली "पुढचं इथे वाचा" अशी लिंक, हा प्रकार तिथले जुने लोक लांबून ओळखतात आणि पहिलाच प्रतिसाद "जाहिरात का हो?" असा येतो. लिंकमुळे गूगलमध्ये वर येऊ असंही कुणी सांगेल, पण चर्चेच्या साइटींवरच्या लिंकला साधारण "नोफॉलो" (ही लिंक मोजू नका असं गूगलला सांगणारी खूण) लावलेलं असतं, २००५ पासून आहे ते, स्पॅमवाल्यांना आळा म्हणूनच आणलं होतं. तेव्हा पत्ता प्रोफाइलमध्ये ठेवा आणि गप्प बसा, ज्याला हवं तो शोधत येतो.

दुसरं म्हणजे विषय पुण्याचा असला की धाग्याचं काश्मीर व्हायला, म्हणजे लेखाखालची चर्चा भलत्याच वादात जायला, वेळ लागत नाही. चार प्रतिसाद हौदावर, पाचवा "आमच्या मुंबईत", की संपला हौद. अशा वेळी लेखकाने मध्ये पडू नये, एक-दोन दिवसांनी मूळ प्रश्नाला उत्तर द्यावं, ज्याला वाचायचंय तो वाचतो.

क्वोरा मराठीवर पण लिहून बघितलं, तिथे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, ओळखीपाळखी होत नाहीत. रेडिटवर पुण्याचा सबरेडिट आहे पण कारभार बहुतेक इंग्रजीत, माझा उपयोग नाही.

आणि हो, इतरांचे धागे वाचून त्यांना चार ओळी लिहिल्याशिवाय तुम्हाला कुणी विचारणार नाही. "छान" नाही, चार ओळी. माझे जे कायमचे वाचक आहेत ते बहुतेक असेच जमले, त्यांच्या पाककृतीला नाहीतर ट्रेकच्या वृत्तांताला मी काहीतरी विचारलं होतं म्हणून. त्यातले काही जण मिपाच्या कट्ट्याला (सभासदांच्या भेटीला) प्रत्यक्ष भेटले आणि एकाने तर घरातल्या हौदाचा जुना फोटो काढून दिला, स्कॅन करून परत द्या एवढ्याच अटीवर.

मायबोलीला पाचपैकी चार, मिपाला साडेचार, माझ्या साइटच्या ट्रॅफिकला मात्र जेमतेम दीड. हौदांचा दुसरा भाग आधी मिपावर टाकतोय, साइटवर नंतर बघू.