यंत्रमागाच्या शेडमध्ये कानाला काय लावायचं: फोम, सिलिकॉन की मफ?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, कुठेही साध्या मागांच्या शेडमध्ये शिरा, धोट्याच्या दणक्यांनी आवाज सहज 95-100 डेसिबलवर जातो. कारखाने नियमांत 90 डेसिबलला आठ तास चालतात, 100 ला फक्त दोन. आणि आपल्याकडे पाळी बाराची! कापसाचा बोळा यात धरूच नका, त्याने जेमतेम फरक पडतो.

कानात घालायच्या फोमच्या प्लगच्या पाकिटावर 30 च्या आसपास आकडा असतो, म्हणजे तो किती डेसिबल आवाज कमी करतो ते. तो प्रयोगशाळेतला. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने 1998 मध्ये फोमसाठी तो निम्मा धरायला सांगितलं होतं, मफसाठी (हेडफोनसारखं कान झाकणारं साधन) पाऊण आणि सिलिकॉनसारख्या बाकीच्या प्लगसाठी जेमतेम तीस टक्के. म्हणजे कागदावर मफ जिंकतो.

पण शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली असते. तिथे मफखाली कान घामाने चिंब होतात, चष्म्याची काडी मध्ये आली की फट राहते, आणि तासाभरात मफ गळ्यात येतो. आठ तासांत अर्धा तास जरी काढून ठेवला, तरी 30 डेसिबलचं साधन सरासरी 12 चंच उरतं. म्हणून विणकराला मी फोमच सुचवेन. मफ जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बरा. तो आत-बाहेर करतो, तेलकट हातांनी फोम वळत बसणं त्याला जमत नाही.

फोम मात्र नीट घालायला हवा. पाळी सुरू व्हायच्या आधी, शेडबाहेर, हात धुऊन. बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. मग मागाजवळ जाऊन दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. निम्मा बाहेर लोंबणारा प्लग तर जवळपास सगळ्याच शेडमध्ये दिसतो.

सिलिकॉनचा दोरीवाला प्लग धुऊन पुन्हा वापरता येतो, महिन्याचा खर्च वाचतो. पण मापात कानाला अगदी फिट बसला तरच घ्या, आणि दोरी फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

मालकांसाठी एक: घाऊक खरेदीआधी दोन-तीन प्रकार कामगारांना आठवडाभर वापरायला द्या. आणि कामावर घेतानाच प्रत्येकाची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून ठेवा. ऐकू येण्याचा ऱ्हास बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपासून, सुरू होतो, बोलणं ऐकू येत असतं तोवर तो कुणाच्याच लक्षात येत नाही.