पोर्शे ९११ करेरा एस: खरी परीक्षा ओल्या रस्त्यावर

या गाडीबद्दल बोलायला लागलं की लोक थेट वेगावर येतात. शून्यापासून शंभर किती सेकंदांत, आवाज कसा, वळणात कशी बसते. ते सगळं खरंच आहे. पण माझ्या मते तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट रस्ता भिजल्याशिवाय कळतच नाही. टायरच्या चाचण्या हे माझं काम, त्यामुळे कुठलीही गाडी मी आधी खालून बघते आणि मग आत बसते.

मी चालवली ती ९९२ म्हणून ओळखली जाणारी पिढी, नोव्हेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्यांदा दाखवलेली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ४५० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद, ५३० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि हे सगळं फक्त मागच्या दोन चाकांना. मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद. कोरड्यात हा आकडा बघून बरं वाटतं, पण पाण्यात मला त्याची काळजी वाटते. टायर रुंद असला की गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं, शिवाय खालचं पाणी बाजूला सारायला लांबचा रस्ता पडतो. म्हणजे वेग वाढला की हा टायर अरुंद टायरच्या आधी पाण्यावर चढणार. इंजिन मागे असल्यामुळे मागच्या चाकांवर वजन चांगलं आहे, सुटताना त्याचा फायदा होतो. पुढचा भाग मात्र हलका, आणि ओल्या वळणात हे हातांना जाणवतं.

आता ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे जोर दिल्यावर चाक नुसतंच घसरत फिरू नये म्हणून आवर घालणारी यंत्रणा. चारही चाकांपाशी वेग मोजणारे सेन्सर असतात, एबीएसला, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला, लागतात तेच. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि मागच्या चाकाचा घेर ५७ च्या वेगाने फिरतोय, तर ते चाक साधारण १२ टक्के घसरतंय. थोडी घसर वाईट नसते. टायरची सगळ्यात जास्त पकड साधारण १० ते २० टक्के घसरीच्या दरम्यानच मिळते. त्यापुढे गेलं की पकड कमी होते आणि चाक आणखी सुटतं. चांगली यंत्रणा म्हणून घसर मारून टाकत नाही, तिला त्या हद्दीत धरून ठेवते. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत हे मोजणं त्या मानाने सोपं, कारण पुढची चाकं नुसती घरंगळत असतात आणि खरा वेग सांगतात. चारही चाकांना ताकद असेल तर असं भरवशाचं चाकच उरत नाही, मग बाकीच्या सेन्सरांच्या मदतीने हिशोब करावा लागतो.

घसर वाढली की पहिला उपाय इंजिनकडे. ठिणगीची वेळ मागे ढकलली की पुढच्याच स्फोटापासून जोर कमी होतो. थ्रॉटल बंद करायला त्याहून वेळ लागतो, कारण टर्बोने दाबलेली हवा आधीच आत शिरलेली असते. दुसरा उपाय ब्रेकचा, तोही एकाच चाकाला.

हा दुसरा उपाय मी भिजवलेल्या चाचणी ट्रॅकवर नीट बघितला. मागचं डावं चाक मुद्दाम पांढऱ्या पट्ट्यावर घेतलं, उजवं डांबरावर, आणि दुसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबला. ओला रंग डांबराहून कितीतरी गुळगुळीत, त्यामुळे डावं चाक लगेच सुटायला बघतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनचा आवाज क्षणभर दबला आणि मागून बारीक टकटक जाणवली. डाव्या चाकाला ब्रेक लागला की डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटणारा गिअरसंच, तो जोर उजवीकडे जाऊ देतं, जिथे पकड आहे. गाडी हलली, पण शेपूट बाहेर गेली नाही. स्टिअरिंग मला जेमतेम सावरावं लागलं. काही ताकदवान गाड्यांत यंत्रणा घाबरल्यासारखी सगळा जोर एकदम काढून घेते आणि मग एकदम परत देते. त्या धक्क्यानेच गाडी अस्थिर होते. इथे सगळं हळुवार आणि मोजून होतं.

पण ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरायला लागल्यावरच जागं होतं, आणि टायर पाण्यावर तरंगायला लागला तर जोर कमी केल्याने स्टिअरिंग परत मिळत नाही. ही उणीव पोर्शेने वेट मोडने, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीच्या खास सेटिंगने, भरायचा प्रयत्न केलाय, आणि म्हणूनच मला ही गाडी इतकी आवडली. पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी ओळखणारे सेन्सर बसवलेत. टायरने उडवलेलं पाणी तिथे आपटतं, त्या आवाजावरून रस्ता किती ओला आहे हे गाडी ओळखते. वायपरचा सेन्सर फक्त काचेवरचे थेंब बघतो. पाऊस थांबून गेलाय पण रस्त्यावर पाणी साचलंय, अशा वेळी तो गप्प बसतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपला पाय मोकळा सुटलेला असतो. आकाश उघडलेलं, वायपर बंद, आणि समोर सूचना आली की रस्ता ओला आहे, वेट मोड घ्या. हे मला फार आवडलं.

वेट मोड घेतल्यावर एक्सलरेटर मऊ होतो, पीडीके हा आठ गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स धसमुसळेपणा सोडतो, आणि गाडी फिरू नये म्हणून एकेका चाकाला ब्रेक लावणारी स्थिरता यंत्रणा लवकर हस्तक्षेप करते. ताशी ९० किलोमीटरपासून मागचा स्पॉयलर, म्हणजे हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी पट्टी, जास्तीत जास्त दाब देणाऱ्या स्थितीत जातो. स्पोर्ट मोड घेता येत नाही आणि स्थिरता यंत्रणा बंदही करता येत नाही. ही बंदी मला अगदी योग्य वाटते. जोर कमी झाला असं वाटत नाही. तो पायाच्या आज्ञेत राहतो, इतकंच.

माझा एक आग्रह आहे. रस्ता ओला आहे हे कळलं की स्थिरता यंत्रणा आपोआप सावध होते, पण वेट मोड गाडी फक्त सुचवते, तो आपण निवडायचा असतो. घाईत असलेला माणूस सूचना बघून सोडून देईल, आणि ४५० पीएसच्या गाडीत ते परवडणारं नाही. वेट मोडही आपोआप लागायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि टायर. यंत्रणा कितीही हुशार असली तरी ती प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या जागेतून मिळेल तेवढीच पकड वाटून देते, नवी तयार करत नाही. बऱ्याच ठिकाणी कायद्याने १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी चालते. अशा गाडीवर, ओल्यात, मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगेन. मागचे आधी झिजतात, तेव्हा गेज घेऊन तेच आधी मोजा, आणि आतल्या कडेलाही मोजा. बाहेरून टायर चांगला दिसतो आणि आतून गुळगुळीत झालेला असतो.

मी चालवली तीच आवृत्ती घेणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. स्पोर्ट क्रोनो हे ऐच्छिक पॅकेज असेल तर वेट मोड स्टिअरिंगवरच्या गोल खटक्यावर मिळतो, नसेल तर मधल्या बटणांच्या पट्टीवर. मी स्टिअरिंगवरचाच घेईन. धो धो पावसात, पुढच्या ट्रकने उडवलेल्या पाण्यात, बटण शोधायला नजर खाली न्यायची वेळ येऊ नये.